शेऱ्याचा रकाना

५ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. अडुसष्ट वर्षांच्या बाईला चि. लिहिताना पेन जरा अडखळतं, पण तू माझ्या डोळ्यांपुढे अजून दोन वेण्या घालून उभी असतेस, त्याला मी काय करू?

पत्रास कारण असं, की तुझ्या थोरल्या भावाला परवा पोलिसांनी धरलं. घाबरू नकोस, सोडलंही. जामिनाच्या कागदावर सही करताना माझं अक्षर चांगलं आलं, असं ठाण्यातला कारकून म्हणाला.

आमच्या क्लबची पत्त्यांची खोली तू पाहिली आहेस. जिन्याखालून आत गेलं की डाव्या हाताला, पूर्वी जिथे सायकली ठेवायचे ती. चार टेबलं, हिरवं कापड, आणि एक पंखा, जो पत्ते उडवतो म्हणून कुणी लावू देत नाही. मी खेळत नाही. तेरा पानं हातात धरली की बारा विसरतो. मी सेक्रेटरी, माझं काम वहीचं. कोण बसलं, किती वाजेपर्यंत बसलं, पत्त्यांची आणि चहाची ठरलेली आकारणी मॅनेजरने घेतली की नाही, हे टेबलवार लिहून खाली सही करायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो भरायची सक्ती नाही, पण रिकामा रकाना पाहिला की मला सुट्टीतल्या वर्गासारखं उदास वाटतं. म्हणून आठ वर्षं मी तो पद्यात भरतो आहे.

तर गुरुवारी दुपारी चारला फौजदारसाहेब सहा शिपाई घेऊन आले. मी शेजारी क्लबच्या वाचनालयात होतो. त्यांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचू लागले:

खिडकीपाशी रण माजले, राजा-राणी धारातीर्थी पडले;
डॉक्टरांनी गुलाम घेउनी घड्याळजींचे राज्य लुटिले.

वाचणं इतकं सपाट, की वृत्ताची हाडं मोडली. मग गंभीरपणे त्यांनी विचारलं की राज्य म्हणजे नक्की किती रक्कम. मी म्हटलं, साहेब, हा वीररस आहे. त्यांनी ते लिहून घेतलं आणि वीररस यांचा राहण्याचा पत्ता काय, असं विचारलं.

त्या दिवशी खिडकीच्या टेबलावर काही नोटा मिळाल्या म्हणतात. मॅनेजर, मी आणि त्या टेबलावरचे चौघे, अशा सहा जणांवर जुगाराचा गुन्हा दाखल झाला आहे. जावई वकील असल्याचा उपयोग लेकीच्या लग्नानंतर एकवीस वर्षांनी होतो आहे. मला चिंता एवढीच, की वही पोलिसांनी नेली. दुसरी प्रत नाही.

तू जन्म कोर्टात काढलास. पुढे काय काय होतं ते सविस्तर लिही. तुझा लोभ पेन्शनसारखा दरमहा येत राहावा.

तुझा,
दादा


१४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. मग भांडी आवरताना पुन्हा आठवलं आणि तेव्हा हसू आलं नाही.

आईने तुला एकदा दूध तापवायला सांगितलं होतं. तू पातेल्यापाशी उभा राहून कविता पाठ करत होतास आणि दूध तुझ्या पायावर उतू गेलं तेव्हा कुठे तुला कळलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेच केलंस. फक्त आता पाय कुणाचा भाजणार, ते मला अजून कळलेलं नाही.

मी तीस वर्षं साक्षी-जबाब लघुलिपीत उतरवून घेतले. पत्त्यांचे खटले चिकार पाहिले. रमीला डोकं लागतं की नशीब, यावर दोन्ही वकील दिवसभर भांडतील. भांडू देत, त्यांचं पोट आहे. न्यायाधीश मात्र दोनच गोष्टी बघतात. टेबलावर पैसे होते का? आणि त्या पैशांतून जागा चालवणाऱ्याला काही सुटत होतं का? चार मित्र बसून खेळले तर तो त्यांचा खेळ. पण जागा चालवणाऱ्याने त्यातला वाटा घेतला, की ती जागा जुगाराचा अड्डा ठरते. आणि मग ज्याने हात पुढे करून तो वाटा घेतला, तो सगळ्यात आधी अडकतो.

म्हणून सरळ विचारते, सरळ सांग. खिडकीच्या टेबलावर पैसे लागायचे का? तुला माहीत होतं का? आकारणी कोण घ्यायचं? आणि तो मॅनेजर कोण? फौजदारांबद्दल लिहिलंस, घड्याळजींबद्दलसुद्धा, जे त्या सहांत नाहीत. मॅनेजरबद्दल एक ओळ नाही.

आरोपपत्राच्या नकला मिळाल्या की वहीच्या पानांसकट मला पाठव. गोळ्या वेळेवर घे. आशीर्वाद असू देत, आणि उत्तरही असू दे.

तुझी,
चिमणी


२२ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. दुधाची गोष्ट तू अजून विसरली नाहीस! ती कविता मात्र मी विसरलो. नुसती चाल आठवते, आणि गुरुजींची बाकावर ठेका धरणारी छडी. किती मारायचे, पण पद्य म्हणताना त्यांचा आवाज असा ओला व्हायचा की छडीचा राग यायचा नाही. हल्ली दुपारी पडलो की तो वर्ग दिसतो. खिडकीतून येणारं तिरपं ऊन, खडूची धूळ, आणि चाळीस पोरं एका सुरात.

मॅनेजरबद्दल विचारलंस. पन्नाशीचा माणूस. क्लबच्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, तिथे बायकोसह राहतो. सव्वीस वर्षं झाली. पत्त्यांचे जोड मोजून देणं, टेबलं पुसणं, आकारणी घेऊन पावती फाडणं, चहा करणं, सगळं तोच. बोलतो कमी. त्याचं नाव आरोपपत्रात पहिलं येणार, असं जावई म्हणतात. शिक्षा झाली तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर खोलीही. कमिटीने त्याला सध्या रजेवर ठेवलं आहे, म्हणजे तो त्याच खोलीत बसून राहतो, फक्त खोलीबाहेर यायचं नाही.

खिडकीच्या टेबलावर एक कंत्राटदार बसायचे. मोठ्या मनाचा माणूस. वाचनालयाचं नवं कपाट त्यांनीच दिलं. काव्याची जाणही आहे.

पैशांचं म्हणशील तर मी वाचनालयात बसतो, मधे भिंत आहे. भिंतीपलीकडचं कोण काय सांगणार?

जांभळ्या फुलांची ती वेल यंदा कुंपणावर खूप वाढली आहे. तुझा लोभ तसाच वाढता राहो.

तुझा,
दादा


६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आरोपपत्र मिळालं, नकला सोबत जोडल्या आहेत. फोनवर आपलं बोलणं दर वेळी कवितेकडे वळतं, म्हणून मुद्दाम लिहून देतो.

सरकारी वकिलांचा भर वहीवर आहे. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यातली एकशे चार पद्यं टंकलिखित केली आहेत. राज्य लुटणे, देशोधडीला लागणे, खजिना रिता होणे, हे सगळं पैशांबद्दल आहे असं त्यांचं म्हणणं. ते मी अर्ध्या तासात उडवून लावीन. घड्याळजी आणि डॉक्टर साक्षीला येतील आणि सांगतील की त्या दिवशी राज्य नव्हे, एक बिस्किटाचा पुडा गेला होता. कोर्ट हसेल, आणि एकदा कोर्ट हसलं की ती वही पुरावा राहत नाही.

तुम्ही जबाबात एवढंच म्हणायचं. शेरे हा माझा छंद आहे. मी पत्त्यांच्या खोलीत बसत नसे. आकारणी घेणं हे मॅनेजरचं काम होतं. तो जे आकडे सांगे ते मी लिहून घेत असे. बस. यातलं एकही वाक्य खोटं नाही, ते मी तपासलं आहे. तुम्ही सुटाल.

मॅनेजरचा वकील वेगळा आहे, त्याचं तो बघेल. निकाल लागेपर्यंत त्याला भेटू नका, निरोपही पाठवू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे अधोरेखित करतो आहे.

तुमची लेक सांगते आहे की रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळी घ्या, दुपारी आठवल्यावर नव्हे. मी तुमचा वकील नंतर, जावई आधी आहे, हे ध्यानात असू द्यावं. आपला लोभ कोर्टाबाहेरही राहावा.

आपला,
जावई


२० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तू पाठवलेलं जाड पाकीट मिळालं, जावयाचं पत्रही त्यात आहे. चिठ्ठीत लिहिलं आहेस की सगळं जावयाने नीट जमवून आणलं आहे. वाचलं. जमवलं आहे खरं. हुशार आहे पोरगा.

तीन दिवस मी वहीची पानं वाचली. तुझी पद्यं बरी आहेत हं, चेष्टा नाही. घड्याळजींच्या चष्म्यावरचं वाचून मी एकटीच खिदळले.

पण दादा, गुरुवार. मार्चपासून ऑगस्टपर्यंत दर गुरुवारी खिडकीच्या टेबलापुढे तू लिहिलंस, खेळ झाला. दोनच शब्द. त्याच दिवशी शेजारच्या टेबलाला चार ओळी आहेत, पलीकडच्याला सहा. खिडकीला दोन शब्द. आणि त्याच ओळीत पत्त्यांची आकारणी इतर टेबलांच्या तिप्पट. आठ वर्षांत जो माणूस पावसाने खेळ रद्द झाला तरी त्यावर श्लोक करतो, त्याला बावीस गुरुवार काहीच सुचलं नाही?

सरकारी वकील पद्यं वाचत बसले, म्हणून त्यांना हे दिसलं नाही. जावयाला दिसलं असेल तर तो बोलणार नाही. मला दिसलं, कारण आयुष्यभर मी हेच ऐकलं. माणूस खरं सांगत असतो तेव्हा वाटेत गाय, म्हैस, मामाचं घर सगळं येतं. लिहून लिहून माझी बोटं दुखायची. लपवायचं आलं, की वाक्य आखडतं. माझ्या पेन्सिलीला ते न्यायाधीशांच्या आधी कळायचं.

तुला माहीत होतं. आता मधल्या भिंतीबद्दल सांगू नकोस.

आणि जावयाची ती वाक्यं मीही तपासली. एकेक खरं आहे. चारही एकत्र वाचली की मॅनेजर तुरुंगात जातो. दुधाचं पातेलं कुणाच्या पायावर ठेवलंस, ते मला आता कळलं.

रागावून लिहिते आहे, पण लोभ आहे म्हणूनच राग आहे, हे समजून घे.

तुझी,
चिमणी


२८ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आठ दिवस चष्म्याच्या डबीखाली ठेवलं होतं. आज उत्तर लिहितो. तू म्हणतेस तसं गाय-म्हैस काही येऊ न देता लिहीन. येतीलच थोड्या.

फेब्रुवारीत कंत्राटदार वाचनालयात आले आणि माझ्यासमोर उभे राहून त्यांनी माझी दोन पद्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. एकही मात्रा चुकली नाही. चिमणे, आजवर माझं कुणी काही पाठ केलं नव्हतं. घरात मी म्हणायला लागलो की तुझी वहिनी कुकर लावायची. ते म्हणाले, याचं पुस्तक काढू या. जाड कागद, कापडी बांधणी. खर्च त्यांचा. आणि जाता जाता म्हणाले, की गुरुवारी आमचे दोन पाहुणे येतील, खिडकीचं टेबल आम्हाला राखून ठेवा.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी मॅनेजर माझ्याकडे आला. खिडकीवाले तिप्पट आकारणी देतायत, घेऊ का, असं विचारलं त्याने. मी तेव्हा पुस्तकाची प्रस्तावना लिहीत होतो. मान वर न करता म्हटलं, घ्या, पावती फाडा.

एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. दार ओढून घेतलं. म्हणाला की वर्तमानपत्राच्या घडीखाली पैसे असतात, साहेब, आणि थोडेथोडके नसतात. मला भीती वाटते, कमिटीला सांगा. मी त्याला काय म्हटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, तुम्ही चहाचं बघा.

तो गेला आणि त्याने चहाचं बघितलं. पुढे कधी विचारलं नाही. दर गुरुवारी पैसे आणून पेटीत टाकायचा आणि पावतीपुस्तक माझ्यासमोर धरायचा. एक दमडी त्याने स्वतः ठेवली नाही. मी सही करायचो. शेऱ्यात खोटं लिहवेना, खरं लिहिण्याची हिंमत नव्हती, म्हणून ते दोन शब्द.

हे जावयांना ठाऊक नाही. लेकीला ठाऊक नाही. खरं बोललो तर अड्डा चालवणारा मी ठरतो. या वयात, या गावात, जिथे निम्म्या लोकांच्या नळाचे नकाशे मी पाणी खात्यात बसून काढले. रस्त्याने जाताना लोक काय म्हणतील, हा विचार मनातून जात नाही. तू सांगशील तसं करीन.

लोभाची मागणी आज करवत नाही.

दादा


५ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तू सांगशील तसं करीन, असं लिहिलंस. मी सांगणार नाही. मग निकालानंतर तू म्हणशील की चिमणीने करायला लावलं, आणि तेही पद्यात.

कामाचं तेवढं सांगते. जे काही बोलायचं ठरवशील ते जावयाला आदल्या दिवशी सांग. कोर्टात एकदम काढलंस तर त्याचं तोंड सगळ्यांदेखत पडेल, आणि त्याने तुझ्याकडून एक पैसा घेतलेला नाही. उभा राहशील तेव्हा सावकाश बोल, खाली कुणीतरी लिहून घेत असतं. उपमा देऊ नकोस. तारीख, वार, कोण काय म्हणालं, एवढंच. घसा सुकला तर पाणी माग, देतात.

हातरुमाल स्वच्छ ने. मी इथे आहे, फोनपाशी. लोभाचं तू विचारायचं टाळलंस, तरी तो आहे.

तुझी,
चिमणी


१२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तुला निकाल कळलाच. बाकीचं लिहितो.

जावयांना आदल्या संध्याकाळी सांगितलं. ते पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले की जावई म्हणून मला काही बोलता येत नाही, आणि वकील म्हणून बोललो तर तुम्हाला सहन होणार नाही. लेक आतून आली, पाणी ठेवून गेली. ग्लास जोरात ठेवला.

कोर्टात आधी ठरल्याप्रमाणे झालं. सरकारी वकिलांनी पद्यं वाचली. डॉक्टरांनी बिस्किटाच्या पुड्याची साक्ष दिली. न्यायाधीश बाई आहेत, तुझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला म्हणाल्या, हे वाचणं काही बरोबर वाटत नाही, तुम्हीच म्हणून दाखवा. मी घड्याळजींच्या चष्म्याचं म्हटलं. सगळं कोर्ट हसलं, बाईही हसल्या. माझ्या लक्षात आलं की आता मी सुटलो. तेवढ्यात भिंतीशी बसलेला मॅनेजर दिसला. तो एकटाच हसत नव्हता. त्याला त्या दोन ओळी आठ वर्षांपूर्वीच ऐकवून झाल्या होत्या.

मग मी बोललो. तारीख, वार, तो काय म्हणाला, मी काय म्हटलं. तुम्ही चहाचं बघा, हे सांगताना पाणी मागावं लागलं. बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, लिहून घेणाऱ्या मुलीला नीट ऐकू आलं नाही म्हणून. दोनदा म्हटलं.

मॅनेजर निर्दोष. हुकमाप्रमाणे वागला, पावती दिली, स्वतःला काही ठेवलं नाही, असं निकालात आहे. खिडकीच्या चौघांना दंड. कंत्राटदारांनी उभ्या उभ्या भरला आणि पुस्तकाचं राहू द्या, असं मला सांगून गेले. मला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे बाकावर बसून राहायचं. साडेपाचपर्यंत बसलो. जावई दुसऱ्या खटल्यात होते. ते संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले, आणि कोर्ट उठेपर्यंत हलले नाहीत.

क्लबने माझं नाव कायमचं कमी केलं. पत्त्यांच्या खोलीत आता पुन्हा सायकली ठेवतात. मॅनेजर कामावर परत आहे.

काल वाचनालयाची तीन पुस्तकं परत द्यायला गेलो. फाटकावर तोच होता. मला आत सोडायचं नाही असा त्याला हुकूम आहे. त्याने फाटकाच्या गजांतून पुस्तकं घेतली, तारखा पाहिल्या, पावती फाडून दिली. मला वाटलं, काही बोलेल. खरं सांगतो, आभार मानील असं वाटलं.

तो म्हणाला की हे तुम्ही पहिल्या दिवशी ठाण्यात बोलला असतात, तर सात महिने माझी बायको दारामागे बसली नसती. अजून ती बाजारात जात नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली तिला जुगाऱ्याची बायको म्हणाली होती. हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं, जसे तो टेबलांचे आकडे सांगायचा.

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. नमस्कार केला. तो त्याने घेतला नाही. आतली कडी घातली.

मी वळलो, तेव्हा मागून त्याने सांगितलं की खालची पायरी हलते आहे, जपून उतरा.

जपून उतरलो. घरी आलो. लोभ कमी झाला असेल तर तसंही कळव.

तुझा,
दादा